सीट मागे सरकत नसल्याबाबत आणि मावशीकडे जाण्याची पाळी आईची असल्याबाबत

प्रति,
मा. विभागीय सेवा अधिकारी,
ग्राहक तक्रार विभाग,
मोटारगाडी कंपनीचे विभागीय कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : आपल्या कंपनीच्या एका गाडीचा पहिला व आजतागायत एकमेव मालक.

विषय : वॉरंटी संपलेली असली तरी वॉरंटीच्या काळापासूनच बिघडलेली, चालकाशेजारची सीट विनामूल्य दुरुस्त करून मिळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज, ज्याचे उत्तर आले नाही.
२) अर्जदाराचा दुसरा अर्ज, ज्याचे उत्तर पहिल्या अर्जाचे म्हणून आले.
३) आपले पत्र, ज्यात तपासनीस येत्या शुक्रवारी सकाळी सीट पाहण्यास घरी येतील असे कळवले आहे.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करतो की, तो स्वतः पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक टेबलावर बसतो. लोकांचे अर्ज घ्यायचे, शिक्का मारायचा, आणि आतून 'नियमात बसत नाही' असा शेरा आला की चेहरा शक्य तितका पाडून तो अर्ज ज्याचा त्याला परत द्यायचा, हे त्याचे काम. त्यामुळे अर्ज कसे फेटाळतात याची त्याला चांगलीच माहिती आहे. मंजूर कसे करून घेतात ते मात्र अजून उमगलेले नाही. अर्ज लांबला की साहेब लोक फक्त शेवटचा परिच्छेद वाचतात, हेही त्याने डोळ्यांनी पाहिले आहे. तरी हा अर्ज आपण कृपया पहिल्यापासून वाचावा. मधल्या परिच्छेदांत अर्जदाराच्या आईचा प्रश्न आहे, आणि शेवटच्या परिच्छेदात काय लिहायचे ते अद्याप ठरलेले नाही.

२. अर्जदाराच्या आईच्या खुब्याचे ऑपरेशन झालेले आहे. ते उत्तम झाले. आई आता घरभर काठीशिवाय फिरते, स्वयंपाकघरात सगळ्यांच्या पायात पायात येते, आणि खिडकीत उभी राहून खाली कुणी गाडी कशी वाकडी लावली आहे याचा रोजचा अहवाल देते. फक्त तिला खाली किंवा अवघडून बसायची मनाई आहे. बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, असे डॉक्टरांनी बजावले आहे. यास्तव गाडी घेतेवेळी अर्जदाराचे सबंध कुटुंब शोरूममध्ये गेले आणि आईला एकेका गाडीत बसवून पाहिले. कुठे पाय आत जाईना, कुठे आत गेलेला पाय बाहेर येईना. शेवटी आपल्या कंपनीच्या या गाडीत विक्रेत्याने एक बटण दाबले, आणि चालकाशेजारची सीट अदबीने मागे सरकली, चांगली हातभर सरकली, शिवाय वर उचलली गेली, आणि आई ऐटीत जाऊन बसली. गाडी पेट्रोल किती पिते, रंग कोणता मिळेल, यातले काहीएक न विचारता ती म्हणाली की हीच घ्या. सबब, अर्जदाराच्या घरी ही गाडी म्हणजे मुळात एक सीट असून तिला इंजिन, चाके इत्यादी सोयीसाठी जोडलेली आहेत, ही बाब कृपया ध्यानात घ्यावी.

३. सदर सीट पहिल्याच वर्षी बिघडली. बटण दाबले की खालून किर्र असा आवाज येई, सीट जेमतेम चार बोटे सरके आणि कट् करून थांबे. सीटखाली मोटर आहे, मोटरपाशी प्लॅस्टिकचे दाते असलेले एक लहानसे चाक आहे, आणि त्या चाकाचा एक दाता झिजून तुटला आहे, असे निदान झाले. हे निदान अर्जदाराच्या थोरल्या भावाचे. त्याला घरीदारी सगळे दादा म्हणतात, म्हणून अर्जातही तसेच लिहिले आहे. दादा कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, दादा मागच्या खोलीत बसून हिरड्या ओततो, दात बसवतो, घासूनपुसून चकचकीत करतो. अर्ध्या गल्लीच्या हसण्यात त्याचा हात आहे. तर त्याने ते चाक काढले, चष्मा कपाळावर चढवून उजेडात धरले, आणि हिरड्यांसाठी वापरतात त्या गुलाबी मसाल्याचा एक दाता घडवून मोकळ्या जागी बसवला. सीट चालू लागली. असा दाता कधी चार दिवस टिके, कधी महिनाभर, तर कधी त्याहूनही बराच जास्त. निखळला की पुन्हा किर्र, कट्, आणि दादा पुन्हा सीटखाली. निखळलेल्या दात्यांपैकी जे सापडले ते एका डबीत घालून अर्जासोबत जोडले आहेत. बाकीचे गाडीतच कुठेतरी असावेत.

४. येथे आपण साहजिकच विचाराल की, सीट जर पहिल्या वर्षीच बिघडली होती, तर वॉरंटी संपेपर्यंत अर्जदार झोपला होता काय. झोपला नव्हता. दर सर्व्हिसिंगला त्याने तोंडी तक्रार केलेली आहे. परंतु अर्जदाराच्या घराण्याला एक खोड आहे, ती येथे नमूद करणे भाग आहे. परक्या माणसापुढे मोडके, मळके किंवा आजारी असे काही न्यायचे नाही, असे या घरात सर्वांच्या हाडीमांसी खिळलेले आहे. कामवाल्या बाई यायच्या आधी आई घर झाडून काढते, नाहीतर बाई काय म्हणतील. शिंप्याकडे उसवलेला सदरा जातो तो धुऊन, इस्त्री करून आणि उसवण वरवर टाचून. मग शिंपी सदरा उलटापालटा करतो आणि यात शिवायचे काय आहे असे विचारतो. अर्जदाराचे वडील हयात होते तेव्हा डॉक्टरकडे निघताना आधी तापाची गोळी घेत, कारण चारचौघांत अंगात ताप दिसणे त्यांना प्रशस्त वाटत नसे. डॉक्टर म्हणत की ताप नाही, घरी जा. वडील समाधानाने घरी येत आणि डोक्यावरून पांघरूण घेऊन कण्हत पडत.

५. त्याच वळणाने, दर सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी गाडी धुतली जाई, पायपुसणी झटकली जात, आणि दादा सीटखाली शिरून ताजा दाता बसवून ठेवी. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या सल्लागारांना अर्जदार सांगे की सीट अडकते. ते बटण दाबत. सीट मागे जाई. पुन्हा दाबत. सीट पुढे येई. अर्जदार काकुळतीला येऊन म्हणे की परवापर्यंत अडकत होती हो, आणि सल्लागार मान डोलावून म्हणत की गाडी मात्र तुम्ही फार छान ठेवली आहे. हे ऐकून शेजारी उभा असलेला दादा असा काही फुलून येई की अर्जदारालाही पुढे बोलवत नसे. कागदावर 'सीट तपासली, दोष आढळला नाही' असा शेरा पडे आणि मंडळी खुशीत घरी परतत. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत आहोत, हे कुणाच्याही ध्यानात आले नाही. अर्जदाराच्या पत्नीच्या आले होते व तिने तसे दोनदा सांगितलेही होते. तिच्या माहेरची माणसे मोकळी. त्यांच्याकडे पाहुण्यांदेखतही नळ बिनदिक्कत गळतो. परंतु सासरी तिचे कोण ऐकणार?

६. वॉरंटी संपली, आणि पुढच्याच आठवड्यात दाता निखळला. या खेपेस अर्जदाराच्या पत्नीने दादाला सुगावा लागू न देता गाडी उचलली आणि धुतल्याशिवाय, होती तशी सर्व्हिस सेंटरला नेली. सल्लागारांनी बटण दाबले. किर्र, कट्. पत्नीने सांगितल्यावरून, त्यांचा चेहरा अगदी उजळला. आता दिसला बघा दोष, असे ते म्हणाले. मग वॉरंटीची तारीख पाहून त्यांनी सीटखालचा सबंध सांगाडा मोटरसकट बदलावा लागेल असे सांगितले, कारण ते चाक तेवढे सुटे मिळत नाही. खर्च अर्जदाराच्या दोन पगारांएवढा. पत्नी बाहेर पडली तेव्हा एका मेकॅनिकने हात पुसत पुसत तिला हळूच सांगितले की या गाडीचे हे जुनेच दुखणे आहे, हेच चाक तुटलेल्या अशा किती गाड्या आल्या याची गणती नाही, आणि वॉरंटीत असलेल्यांची सीट कंपनीने मुकाट्याने बदलून दिली आहे. त्या भल्या माणसाचे नाव अर्जदारास ठाऊक नाही व ठाऊक असते तरी त्याने ते येथे लिहिले नसते. सांगायचा मुद्दा एवढाच की, दोष चाकाच्या घडणीतच आहे, तो वॉरंटीच्या काळातच उघड झाला, आणि आपल्या माणसांना दिसला नाही तो केवळ आमच्या टापटिपीमुळे.

हे सगळे इतके खरे खरे लिहू नये, असे पत्नीचे मत आहे. ती म्हणते की घरी बसवलेल्या दात्याचे वाचले की साहेब पुढचे पानही उलटणार नाहीत. तथापि, ते दाते लपवले तर सीट पहिल्या वर्षापासून बिघडलेली होती हे अर्जदाराने कशाच्या जोरावर सांगायचे?

७. आता आईचा प्रश्न. आईची धाकटी बहीण, म्हणजे अर्जदाराची मावशी, शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. दोघींचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता असा की, एका आठवड्यात आईने मावशीकडे जायचे, पुढच्या आठवड्यात मावशीने आईकडे यायचे, आणि जेवणे उरकली की संध्याकाळपर्यंत पत्ते कुटायचे. दोघीही मनसोक्त लबाडी करतात, दोघींनाही ते माहीत आहे, आणि त्यावरून होणारी भांडणे हा त्यातला मुख्य भाग आहे. पाळी मात्र कुणी कधी चुकवलेली नाही. सीट अडकली तेव्हा पाळी आईची होती. ती अजूनही आईचीच आहे.

मावशी ठणठणीत आहे, बसने हिंडते, मनात आणील तर आज येईल. परंतु ती येत नाही. अर्जदाराने तिला फोन करून पुष्कळ विनवले, पाळीबिळी सोड म्हणाला. तेव्हा ती जे बोलली ते अर्जदार जसेच्या तसे लिहीत आहे : "अरे, मी दोनदा ओळीने आले तर तिला वाटेल, ही मला अधू समजायला लागली. माझी थोरली बहीण आहे ती. तिला येऊ दे, मी थांबते." दोघींनी मध्यंतरी फोनवरून पत्ते खेळून पाहिले. पहिल्याच डावात दोघींनी एकदम बदामाचा एक्का टाकला, आणि तो प्रकार तिथेच संपला.

८. दुसऱ्या वाहनाचे काय, असे आपण म्हणाल. टॅक्सी करून पाहिली. पुढची सीट मागे सरकेना, म्हणून आईला मागे आडवेतिडवे बसवले. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली आणि आईने थांबायला सांगितले. तिला बाहेर काढायला अर्जदार, टॅक्सीवाला आणि कोपऱ्यावरचा चावीवाला असे तिघे लागले. आई ताठ मानेने चालत घरी आली, हल्ली गाड्या बाहुल्यांच्या मापाने बनवतात असे तिने जाहीर केले, आणि नंतर उरलेली दुपार घरातले सगळे रुमाल इस्त्री करत बसली. अर्जदाराला त्या दिवशी फार वाईट वाटले. शेजाऱ्यांची गाडी इतकी उंच आहे की तिच्यात चढायला स्टूल लागते. रुग्णवाहिकेचा विषय पत्नीने काढला होता, पण रुग्णवाहिकेतून दारात उतरलेली बहीण पाहून मावशीलाच दवाखान्यात न्यावे लागेल, असे आई म्हणाली आणि तो विषय बारगळला.

९. अशा परिस्थितीत आपले तपासणीचे पत्र आले. घरात आनंद झाला. सर्वांत जास्त आनंद दादाला झाला, आणि तीच पंचाईत आहे. कंपनीचा माणूस घरी येणार, आणि त्याच्यापुढे आपली सीट अशी अडकलेली, या विचाराने त्याला घास गोड लागत नाही. अर्जदाराने त्याला पहिल्या अर्जापासूनच शपथ घातली आहे की तपासनीस येऊन जाईपर्यंत सीटला हात लावायचा नाही. गाडीची किल्ली अर्जदार स्वतःजवळ ठेवतो, आंघोळीला जाताना पत्नीकडे देतो. तरीही दादा दिवसातून दोन-चारदा खाली जाऊन काचेतून सीटकडे पाहून येतो. सबब अर्जदाराची मुख्य मागणी अशी की, तपासनीसांनी शुक्रवारची वाट न पाहता, फोन वगैरे न करता, कधीही अचानक यावे. यावे आणि सरळ बटण दाबावे. घरात पसारा असला तरी चालेल, निदान अर्जदाराच्या बाजूने चालेल.

१०. अर्ज इथपर्यंत सोमवारी दुपारी कार्यालयात लिहून झाला होता. खाली सही तेवढी राहिली होती. त्याच संध्याकाळी मावशीचा फोन आला. तिची मुलगी दूर देशी असते. मावशीने घर विकून कायमचे तिच्याकडे जायचे, हे सर्वांना माहीत होते, पण त्याला अजून अवकाश होता. आता घर घेणाऱ्याची घाई, मुलीच्या रजेची अडचण, असे काय काय जुळून आले आणि तिकीट निघाले ते याच शुक्रवारचे, सकाळचे. पाळी तुझीच आहे, मी थांबते, एवढे मात्र मावशीने पुन्हा सांगितले. आईने फोनवर सगळे नीट ऐकून घेतले, गरम कपडे घे म्हणाली, गोळ्यांची पिशवी हातात ठेव म्हणाली, आणि फोन खाली ठेवून विचारले की आज वार कोणता.

११. मंगळवारी अर्जदाराने आपल्या कार्यालयात फोन केला. तपासणी अलीकडे घ्या, निदान पलीकडे तरी ढकला, अशी विनंती केली. फोनवरचे गृहस्थ अत्यंत सौजन्याने बोलले. अलीकडची तारीख मिळणार नाही, पलीकडची दोन महिन्यांनी मिळेल, पण मग वॉरंटी संपून फार काळ लोटल्यामुळे दावा विचारात घेता येणार नाही. आणि शुक्रवारी तपासनीसांना सीट चालताना आढळली तर फाईल बंद होईल, ती पुन्हा उघडता येणार नाही. मला समजतंय हो तुमचं, पण नियमात बसत नाही, असे ते शेवटी म्हणाले. तो आवाज, ती नरमाई, सगळे अर्जदाराच्या चांगल्या ओळखीचे होते. तो स्वतःही रोज याच सुरात बोलतो. म्हणून त्याने वाद घातला नाही, आभार मानून फोन ठेवला.

१२. बुधवारी जेवताना घरात चर्चा झाली. पेच सरळ होता. दादाने दाता बसवला तर आई मावशीला भेटेल, पण शुक्रवारी सीट बिनतक्रार चालेल आणि दोन पगार अर्जदाराच्या बोकांडी बसतील. दाता नाही बसवला तर सीट फुकट दुरुस्त होईल, पण तोवर मावशी विमानात बसलेली असेल. पत्नीने व्यवहारी तोड काढली : आता दाता बसवा, भेट होऊ दे, आणि शुक्रवारी तपासनीस यायच्या आधी काढून टाका. यावर दादाने ताटातला हात थांबवला.

"मी दात बसवतो," तो म्हणाला. "पाडायचं काम डॉक्टरांचं."

पत्नी म्हणाली की मग स्क्रूड्रायव्हर घेऊन ती स्वतः पाडेल. दादाने पुढे भातही घेतला नाही. खरे सांगायचे तर अर्जदारासही ते पटले नाही. चालती सीट आपल्या हाताने मोडायची आणि बघा मोडकी म्हणून दाखवायची, म्हणजे ती फसवणूकच झाली. सीट खरोखर बिघडलेली असताना खोटेपणा करायची वेळ यावी, याचा त्याला संतापही आला.

मग आई म्हणाली, "आधी सीटचं होऊ दे. मी काय, फोनवर बोलेन तिच्याशी." एवढे बोलून ती उठली. दारामागच्या खुंटीला तिची बाहेर जायची पिशवी सीट अडकली त्या दिवसापासून भरून टांगलेली आहे. त्या पिशवीतून तिने पत्त्यांचा जोड काढला, आणि कपाटाच्या खणात, आत, अगदी मागे ठेवून दिला. नंतर ती ताटे उचलू लागली. आई इतक्या सहज काही सोडून देणारी बाई नाही. अर्जदार तिला लहानपणापासून ओळखतो. एका पत्त्यासाठी ती तासभर भांडू शकते. ती भांडली असती तर अर्जदाराला बरे वाटले असते.

१३. आज गुरुवार. सकाळी अर्जदाराने कार्यालयात रजा कळवली आणि दादाच्या मागच्या खोलीचे दार वाजवले. हातात गाडीची किल्ली होती. काय बोलायचे ते ठरवून गेला होता, पण बोलावे लागले नाही. दादाने किल्ली पाहिली आणि टेबलाचा खण उघडला. आत कापसावर दाता तयार होता, घासून, चकचकीत करून ठेवलेला. शपथ सीटला हात लावण्याबद्दल होती, दाता घडवण्याबद्दल नव्हती, एवढेच तो म्हणाला. मग तो सीटखाली शिरला, अर्जदाराने बॅटरी धरली, आणि पत्नीने आईला सांगितले की साडी बदला.

१४. सबब आता मागणी अशी. उद्या सकाळी आपले तपासनीस येतील तेव्हा घरी दादा असेल. अर्जदार आणि त्याची पत्नी मावशीला पोचवायला विमानतळावर गेलेले असतील, आणि आई जर रात्री मावशीकडेच राहिली तर तीही असेल. गाडी अर्थातच आमच्याबरोबर असेल. तपासनीसांना थांबावे लागले तर दादा त्यांना चहा देईल व त्यांच्या दातांविषयी न विचारता मत देईल, त्याबद्दल आधीच क्षमा असावी. आम्ही परतल्यावर त्यांनी बटण दाबावे. सीट मागे जाईल. त्यांनी 'दोष आढळला नाही' असे लिहावे आणि फाईल बंद करावी. त्यांनी लिहिलेले खोटे असणार नाही, आणि अर्जदार त्याविरुद्ध पुढे अर्ज करणार नाही. दोन पगारांचे काय ते तो पाहील, किंवा जमेल तितके दिवस दादा पाहील.

फक्त एक गोष्ट आपण समजून घ्यावी अशी विनंती आहे. इतकी वर्षे आम्ही तो दाता बसवत आलो तो लोकांना दाखवण्यासाठी. शिंप्याला, डॉक्टरला, सल्लागारांना, आपल्याला. आमचे सगळे कसे छान चालले आहे, असे कुणीतरी म्हणावे म्हणून. आज तो पहिल्यांदाच केवळ आईला बसण्यासाठी बसवला आहे.

हा परिच्छेद गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहिला आहे, अक्षर हलले असल्यास माफ करावे. आत्ताच बटण दाबून पाहिले. सीट मागे गेली, पूर्ण गेली, आणि आई एका दमात आत जाऊन बसली. पत्ते घेतले का, असे मी विचारले, तर म्हणाली की तिच्याकडचे जोड खुणा केलेले असतात, आपलेच घेतले आहेत. महोदय, अर्ज वाटेत आपल्या कार्यालयाच्या पेटीत टाकतो आणि पुढे जातो. थांबता येणार नाही. मावशी कालपासून गॅलरीत उभी आहे असे तिच्या शेजारणीने कळवले आहे, आणि मी आईला घेऊन निघालो आहे.

तक्रार मागे घेत नसलेला, पण आज घाईत असलेला,
आपला विश्वासू

(सही)
अर्जदार

गुरुवार, सकाळ.